सांदहोल्तचं न उघडलेलं दार

खरं सांगते, हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा तसंच बंद केलं, कारण ओद्नीची गोष्ट आमच्या नदीकाठी ज्याला त्याला ठाऊक आहे आणि जो तो आपल्या सोयीने सांगतो. पण परवा कुणीतरी ती भुताची गंमत म्हणून सांगितली, सगळे पोट धरून हसले, आणि मला राहवलंच नाही. ती गंमत नाहीये. आमच्या घरात जशी सांगतात तशी सांगते.

ओद्नी सांदहोल्तची. सांदहोल्त म्हणजे नदीच्या अगदी उशाशी असलेलं घर, वर हिमनदी, खाली काळी वाळू, आणि मधे ती आमची नदी, जी आज इथून वाहते आणि उद्या मन बदललं की तिथून. पूल तेव्हा कुणी स्वप्नातही बघितला नव्हता. नदी ओलांडायची तर सांदहोल्तच्या माणसाने आपला घोडा पुढे घालायचा, वाटसरूने त्याच्या मागोमाग जायचं, आणि पलीकडे सोडून घरच्या माणसाने एकट्याने परत यायचं. त्यामुळे घरात सतत कुणी ना कुणी आलेलं. आला की घरच्या बायकांनी त्याचे ओले जोडे आणि मोजे ओढून काढायचे, पायांत कोरडं काहीतरी घालायचं, हातात कॉफी द्यायची, आणि मग विचारायचं की बाबा तू कोण, कुठला. त्या घराने कुणाला दारातून परत पाठवलं असं कधी झालं नव्हतं. अख्ख्या खोऱ्याला त्याचा अभिमान होता, जसं काही प्रत्येकानेच ती कॉफी केली होती.

कोल्बेन त्या घरात आला तो आश्रित म्हणून. आईबाप गेले, मागे कुणी नाही, अशा पोराला तेव्हा गाव कुणाच्या तरी घरी टाकायचं आणि त्याच्या खाण्याचं काहीतरी द्यायचं. ओद्नीच्या आईने, वाल्गेर्दने, त्याला घोड्यावरून उतरवलं तेव्हा तो इतकासा होता आणि तिच्या मानेला जो चिकटला तो संध्याकाळपर्यंत सुटला नाही. पण नवरा कडक. आश्रिताची जागा म्हणजे लांब खोलीतली अगदी दाराकडची खाट, सगळा वारा त्याच खाटेवर. वाल्गेर्दने नवऱ्याचा शब्द मोडला नाही, फक्त सगळे झोपले की उठून आपली शाल त्या पोरावर टाकायची आणि पहाटे कुणी उठायच्या आत काढून घ्यायची. हे ओद्नीने बघितलेलं. ती त्याच्याहून थोडी मोठी. दोघं मेंढ्यांमागे जायची आणि हा मेंढ्या सोडून काठीने बर्फावर अक्षरं काढत बसायचा, मग मेंढ्या ओद्नीने शोधायच्या.

शेवटी पाद्र्यांच्या लक्षात आलं की हे डोकं मेंढ्यांमागे वाया चाललंय. त्यांनी शिकवलं, पुढे शाळेत पाठवलं, आणि तिथून तो थेट समुद्रापलीकडे, डेन्मार्कच्या कोपनहेगनला. निघताना वाल्गेर्दने त्याला सांगितलं, "लवकर ये." तो "येतो" म्हणाला आणि वीसेक वर्षं आला नाही.

तिकडे तो मोठा झाला. जुन्या कातड्यांवरच्या पोथ्या वाचणारा विद्वान, लोक त्याला मास्तर कोल्बेन म्हणायला लागले. आणि मग एका वर्षी बातमी आली की मास्तर कोल्बेन पूर्वेच्या बंदरात उतरलाय, घोड्यावरून सगळा दक्षिण किनारा फिरणार आहे, घराघरांतून जुन्या पोथ्या बघणार आहे, आणि जे बघेल ते लिहून छापणार आहे.

खोरं नुसतं वेडं झालं. बायकांनी पांघरुणं धुतली. वाल्गेर्द तोवर खाटेला खिळलेली, पायांत जीव नव्हता, पण तिने फर्मान काढलं की कोल्बेनचे मोजे मीच ओढणार, त्याला माझ्या खाटेशी आणून बसवायचं.

घरचा गडी थोर्मोद म्हणाला, "आजी, तो आता डेन्मार्कचा साहेब झालाय. रेशमी मोजे असतील. हात लावलास तर फाटतील."

वाल्गेर्द म्हणाली, "फाटले तर शिवीन. तुझं तोंड शिवायचंही राहिलंय माझं."

तिने त्याच्यासाठी मेंढीची धुरावलेली मांडी बाजूला टांगून ठेवली होती, कुणाला हात लावू देईना. पण उन्हाळा सरला, गवत कापून झालं, मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या, आणि कोल्बेन आला नाही. कुणी म्हणालं पूर्वेलाच अडकलाय, कुणी म्हणालं जहाजाने परत गेला. मांडी शेवटी खाल्ली.

आता मधली एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच वर्षी वसंतात ओद्नीचा नवरा सिग्वाल्द एका वाटसरूला पलीकडे सोडून परत येताना नदीत गेला. घोडा बाहेर आला, तो नाही. वाळू ढवळून ढवळून शोधलं पण सापडला नाही. ज्याला माती मिळत नाही तो स्वस्थ बसत नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही सांगावं लागत नाही. ओद्नी सगळा उन्हाळा दिवस मावळला की दाराच्या बाहेर पडायची नाही. कुणाशी बोललीही नाही त्याबद्दल. फक्त गवत कापायची, दोन माणसांचं एकटीने.

तर शरदातली एक संध्याकाळ. वारा असा की छपरावरची माती उडते की काय. अंधार पडला होता पण दिवा लावला नव्हता, कारण दिवेलागणीआधी सगळेच थोडं लवंडतात, तेल वाचतं आणि डोळ्यांनाही बरं. खोलीत माणसं आपापल्या खाटांवर. आणि दारावर थाप पडली. एकच.

दिवसा माणूस तीनदा वाजवतो, बाप, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. आणि अंधार पडल्यावर तर दार वाजवायचंच नाही. घराच्या गवताळ छपरावर चढायचं, छपरातल्या खिडकीशी वाकायचं आणि म्हणायचं, इथे देव असो. आतून म्हणतात, देव तुझं भलं करो, आणि मग कुणीतरी जाऊन दार उघडतं. भुताला देवाचं नाव घेता येत नाही. भूत एकदाच वाजवतं.

कुणी हललं नाही. थोड्या वेळाने पुन्हा एक थाप. आणि मग त्या वाऱ्यातून पुरुषाचा आवाज, दारापलीकडून, "ओद्नी."

थोर्मोद नंतर सांगायचा की माझ्या आयुष्यात मी तेवढा एकदाच गप्प बसलोय. सगळ्यांच्या मनात एकच नाव होतं आणि ते कुणी उच्चारलं नाही. ओद्नीने दोन्ही हातांनी खाटेची फळी धरून ठेवली होती. आवाज पुन्हा आला, "ओद्नी, दार उघड."

तेव्हा वाल्गेर्द आपल्या खाटेवरून बोलली. हळू बोलली, पण खोली एवढीशी, सगळ्यांनी ऐकलं. "तो कोल्बेन आहे. ऊठ. पोराला भिजवू नकोस."

ओद्नी म्हणाली, "आई, गप्प राहा. ते ओळखीचा आवाज घेऊन येतात."

"मी वाढवलाय त्याला. मला माहीत आहे."

"गप्प राहा म्हणते ना."

आणि ती उठली नाही. वाल्गेर्दला उठता येत नव्हतं. बाहेरचा आवाज थोडा वेळ थांबला आणि मग नुसता वारा उरला.

सकाळी ओद्नी मेंढ्यांच्या गोठ्यात गेली. कोपऱ्यात गवत दाबलेलं होतं, माणूस झोपल्यासारखं. बाहेर घोड्याची लीद. आणि गवतात एक हातमोजा, पातळ चामड्याचा, बारीक टाक्यांचा, तसा आमच्याकडे कुणी शिवत नाही. ती तो हातात घेऊन किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. थोर्मोद मागून आला, त्याने बघितलं. तो नदीपर्यंत धावत गेला, पण माग पाण्यात उतरून गेलेले होते. मास्तर कोल्बेन कुणाच्याही सोबतीशिवाय एकट्याने नदी ओलांडून गेला होता.

घरात आल्यावर वाल्गेर्दने विचारलं, "कोण होतं गं?"

ओद्नी म्हणाली, "कुणी नव्हतं. वारा होता."

हे मला अजून वाचवत नाही, म्हणजे माझंच मी लिहिलेलं. हिवाळाभर म्हातारी विचारायची, आला का. ओद्नी म्हणायची, नाही आला. भर हिवाळ्यात, बर्फ सगळ्यात जास्त असताना वाल्गेर्द गेली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कोल्बेनचं प्रवासवर्णन छापून आलं. एक प्रत पाद्र्यांकडे आली आणि रविवारी चर्च सुटल्यावर त्यांनी ती बाहेर हिरवळीवर बसून सगळ्यांना वाचून दाखवली. काय मजा होती म्हणे आधी. एकेक घराचं नाव यायचं आणि त्या घरची माणसं ताठ बसायची. अमक्याकडे साय इतकी दाट की चमचा उभा राहतो. तमक्याकडे कॉफी चांगली पण साखरेचा खडा शोधावा लागतो, त्यावर तर ती बाई लालबुंद झाली आणि बाकी सगळे लोळले. नद्यांबद्दल त्याने फार सुंदर लिहिलं होतं, की माझ्या देशात वाट माणसाची नसते, पाण्याची असते, आपण फक्त परवानगी मागतो. बायका डोळे पुसत होत्या.

मग सांदहोल्त आलं. पाद्री वाचता वाचता थांबले, पण आता थांबून काय उपयोग. एवढंच होतं: "सांदहोल्तला मी दार वाजवलं. आत माणसं होती. उघडलं नाही. रात्र मेंढ्यांत काढली. लहानपणीही माझी जागा तिथे दाराशीच होती."

पुढे लगेच दुसऱ्या घराचं वर्णन सुरू.

सगळ्यांनी ओद्नीकडे बघितलं. ती उभी राहिली आणि तिने त्या संध्याकाळचं सांगितलं, एक थाप, नावाने हाक, देवाचं नाव नाही. आणि खोरं तिच्या बाजूने झालं. तिथल्या तिथे. अगं आम्हीही उघडलं नसतं. सिग्वाल्द जाऊन किती दिवस झाले होते तेव्हा. तिकडच्या शहरात राहून माणूस साधं दार वाजवायचं विसरतो म्हणजे काय. पाद्रीसुद्धा म्हणाले की चूक त्याची, मी त्याला पत्र लिहून कळवतो.

ओद्नी म्हणाली, "नको. मी स्वतः सांगेन."

कारण खोऱ्याला तिने जे सांगितलं त्यात आई काय म्हणाली ते नव्हतं. घरातल्या माणसांना ठाऊक होतं आणि कुणी ते कधी काढलं नाही. आणि तिला दिसत होतं की कोल्बेनला नुसतं "भूत समजलो" असं कळवलं की तिची सुटका होईल, पण त्याची नाही होणार. त्या घरात एका माणसाने त्याला ओळखलं होतं. भिंतीपलीकडून, वाऱ्यातून, इतक्या वर्षांनी. हे त्याचं होतं आणि ते तिच्याकडे अडकलं होतं.

मग जायचं ना? पण नाही गेली. कोल्बेन तोवर परत कोपनहेगनला गेला होता. नंतर एकदा येऊन गेल्याचं कळलं तेव्हा मेंढ्या विणार होत्या. पुढच्या वेळी गवत. मग नदीला पाणी. कारणं सगळी खरी होती, हेच तर वाईट. खोटी असती तर तिने स्वतःला पकडलं असतं. वर्षांमागून वर्षं गेली.

एका उन्हाळ्याच्या तोंडावर पश्चिमेकडून आलेल्या माणसाने सांगितलं की मास्तर कोल्बेन एयरारबाक्कीच्या बंदरात आहे, छातीने आजारी, पार वाळलाय, कोपनहेगनच्या डॉक्टरांकडे जायला जहाजाची वाट बघतोय. आमचे लोक दरवर्षी लोकर घेऊन त्याच बंदराला जातात, कितीतरी नद्या ओलांडून. त्या वर्षी तांडा लवकर निघणार होता. ओद्नी म्हणाली, गवत कापून झालं की मागून निघणाऱ्या दुसऱ्या तांड्याबरोबर जाईन.

थोर्मोद दारात बसून खोगिराचा पट्टा शिवत होता. वर न बघता म्हणाला, "तू आणि तुझं गवत. तो मेला की त्याच्या थडग्यावर पसर, चांगलं वाळेल."

तिने त्याला एवढ्या शिव्या दिल्या की कुत्रा बाहेर गेला. आणि दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसली. थोर्मोद सोबत निघाला, कुणी बोलावलं नव्हतं तरी. वाटभर तिची चेष्टा करत होता, ती उत्तर देत नव्हती. ज्या ज्या नदीत उतरायचे तिथे मात्र तो गप्प होऊन तिच्या वरच्या अंगाला, धार अडवत, घोडा ठेवायचा.

बंदरात एका लाकडी घराच्या माडीवर कोल्बेन होता. ओद्नी भर दुपारी गेली. खिडकीशी खुर्चीत बसलेला माणूस बघून तिला वाटलं आपण चुकीच्या खोलीत आलो. नुसते खांदे उरले होते.

तो म्हणाला, "या. बसा. तुम्ही कुठून आलात?"

"सांदहोल्तहून."

त्याचा चेहरा बंद झाला. "असं होय," तो म्हणाला. "लांबून आलात तुम्ही."

"मला तुम्ही म्हणू नकोस," ओद्नी म्हणाली. "तुझ्या मेंढ्या मी शोधल्यात."

त्याने तिच्याकडे नीट बघितलं. तेव्हा तिने सांगायला सुरुवात केली. एकच थाप. तो म्हणाला, एकदाच वाजवलं का मी, मला आठवत नाही, तिकडे दोरी ओढली की घंटा वाजते, एकदाच ओढायची असते. आणि मग तो बोलता बोलता थांबला आणि त्याच्या लक्षात आलं. अंधार. दार. छपरावर चढायचं असतं. तो हसायला लागला. "म्हणजे मी भूत? पाद्र्यांना लॅटिन म्हणून दाखवणारा मी, आणि माझ्या तोंडून देवाचं नाव निघेना?" हसता हसता खोकला आला, तो थांबेचना, ओद्नीने त्याची पाठ धरली. खोकला थांबला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं पण चेहरा उघडला होता, ती शेवटी ओळखू शकली. तो म्हणाला, "इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्ही आश्रिताला दार उघडलं नाही."

इथे थांबता आलं असतं. तो खूश, ती मोकळी, खाली थोर्मोद घोड्यांपाशी वाट बघतोय. कुणीही इथेच थांबलं असतं, मी तर नक्की.

ओद्नी म्हणाली, "आईने ओळखलं होतं तुला."

तो तिच्याकडे वळला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तो कोल्बेन आहे. ऊठ. पोराला भिजवू नकोस."

मग तो म्हणाला, "मग तू उठली का नाहीस?"

"मला वाटलं सिग्वाल्द आहे. माझा नवरा. नदीत गेला होता, मिळाला नव्हता." ती थांबली. "आणि मला तो हवा होता रे. कसाही आला असता तरी मी घेतला असता. म्हणूनच खाट सोडली नाही. उठले असते तर उघडलंच असतं."

मग तिने हातमोज्याचंही सांगितलं, आणि आईला वारा होता म्हणाली तेही, आणि आई शेवटपर्यंत विचारत होती तेही. त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. रागावला होता, आणि का नाही रागावायचं. आई जिवंत होती, तो अजून एका दिवसाच्या वाटेवर होता, आणि हिने निरोप पाठवला नाही. ओद्नी उठून गेली नाही. पिशवीतून विणकाम काढलं आणि बसून राहिली. त्याने म्हटलं असतं जा, तर गेली असती. तो म्हणाला नाही.

ऊन भिंतीवरून सरकून गेलं तेव्हा तो म्हणाला, "परत सांग."

तिने परत सांगितलं. तेच शब्द.

"तिच्यासारखं सांग. ती 'पोराला' कसं म्हणायची?"

ओद्नीने म्हणून दाखवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं की ती कुठल्या खाटेवर होती, थकली होती का, दात होते का. ओद्नी म्हणाली दात एकच होता पण जीभ शाबूत होती, आणि थोर्मोदचं तोंड शिवायची भाषा सांगितली, आणि तो पुन्हा हसला, ह्या वेळी हळू, जपून.

तो म्हणाला की पुस्तकातला तो मजकूर काढायला लावतो. ओद्नी म्हणाली, कशाला, दार उघडलं नव्हतंच ना. त्याच्या खाली आईचं लिही. तो लिहीन म्हणाला. ओद्नी थांबली, दुसऱ्या दिवशीही गेली, थोर्मोदला वर घेऊन गेली, थोर्मोदने विचारलं रेशमी मोजे कुठे आहेत. त्याच्यानंतर एका सकाळी वारा फिरला आणि जहाज निघालं. ओद्नी वाळूत उभी राहिली. कोल्बेनने हात केला की नाही ते तिला नीट दिसलं नाही, ती कधी हो म्हणायची कधी नाही.

पानगळीआधीच तो कोपनहेगनमध्ये वारल्याची बातमी आली. लिहिणं राहूनच गेलं. पुस्तकात अजून ती पाच वाक्यं तशीच आहेत, बघा हवं तर. पण आमच्याकडे हिवाळ्यात ते प्रवासवर्णन मोठ्याने वाचतात तेव्हा सांदहोल्त आलं की वाचणारा थांबतो, आणि वाल्गेर्दचं वाक्य तोंडाने म्हणतो, आणि मग पुढे जातो. ओद्नी असेतोवर ती म्हणायची.

ती मागून निघालेल्या तांड्याबरोबर गेली असती तर रिकामी खुर्ची भेटली असती. मी सारखी तेवढाच विचार करते. म्हणून हे एका दमात लिहिलं, चुका असतील, असू देत. तुमच्याकडेही कुणाचं तरी काहीतरी अडकलेलं असेल, एखादं वाक्य, जे त्या माणसाचं आहे आणि तुम्ही सांगितलेलं नाही. फोनवर नका सांगू. कामं आहेत, मला माहीत आहे, सगळी खरी आहेत. तरी जा, ह्याच आठवड्यात जा, त्यांच्यासमोर बसा, आणि ते रागावले तर लगेच उठून येऊ नका.